‘ओला!’ म्हणजे नमस्कार : आमच्या स्पॅनिश फिल्मच्या नोंदी

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला शनिवार. आठवी-नववीची मिळून अकरा पोरं आली, चार जण कापूस वेचणीला गेलेत, ते डिसेंबरशिवाय यायचे नाहीत. जुलैपासून दर शनिवारी शेवटचे दोन तास आमचा स्पॅनिशचा वर्ग चालतो. वर्गाची परवानगी आहे, पुस्तकं नाहीत, परीक्षा नाही, जे काही शिकवते ते मी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर शिकायला लागले तिथून पुढे बी-वन, म्हणजे मधल्या, पातळीपर्यंत जे आलं त्यातूनच.

आज एक गोष्ट फार खटकली. मी एकीला विचारलं, ‘कोमो एस्ता तु मामा?’ म्हणजे तुझी आई कशी आहे. ती ताडकन उभी राहिली आणि म्हणाली, ‘ब्येन, ग्रासियास, इ तू?’ म्हणजे मी बरी आहे, तू कशी आहेस. दुसऱ्याला विचारलं, तेच. तिसऱ्यालाही तेच. चार महिन्यांत पोरांनी संवाद पाठ केलेत, आरतीसारखे, चाल लागली की तोंड चालतं, पण समोरच्यानं काय विचारलं ते ऐकायचं असतं हे माझ्याच शिकवण्यातून राहून गेलं.

म्हणून ठरवलं की फिल्म करायची. पाच मिनिटांची, फोनवर, संवाद सगळे स्पॅनिशमध्ये, गोष्ट पोरांची. कारण फिल्ममध्ये समोरचा काय बोलला ते कळल्याशिवाय चेहऱ्यावर काही उमटतच नाही, आणि कॅमेऱ्यात ते लगेच दिसतं.

एक नियम आजच सांगून टाकला, शूटिंगच्या वेळी इंग्रजी नाही. मराठी चालेल, वऱ्हाडी चालेल, स्पॅनिश तर हवीच. याचं कारण मला खूप दिवसांपासून लिहून ठेवायचं होतं. ‘मला आंबा आवडतो’ आणि ‘मे गुस्ता एल मांगो’ ही दोन वाक्यं सख्खी बहिणीच आहेत. मे म्हणजे मला. आंबा हा कर्ता. आंबे झाले की आपल्याकडे ‘आवडतात’ होतं, तिकडे ‘गुस्तान’ होतं. पोराला हे सरळ मराठीतून दाखवलं की एका मिनिटात कळतं, पण इंग्रजीतून आणलं की आधी तो ‘मी आंब्याला आवडतो’ असं काहीतरी उलटंपालटं करून बसतो आणि मग आपण महिनाभर ती गाठ सोडवत बसतो. अन् आमच्याकडे तर ‘मले’ म्हणतात, ते ‘मे’ च्या आणखीनच जवळ.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

परवा मतदान झालं, शाळेतच बूथ होतं, माझी ड्युटी दुसऱ्या गावात. आज बाकडी जागेवर लावून झाल्यावर सहा जणांना घेऊन बसले. स्क्रिप्ट.

पहिली स्क्रिप्ट माद्रिदच्या रेस्टॉरंटमधली निघाली. वेटर येतो, मेनू देतो, ग्राहक बिल मागतो. मीच हे संवाद शिकवले होते, त्यामुळे त्यांनी तेच लिहिलं. वाचून बघितलं तर सगळं बरोबर आणि सगळं मेलेलं. वेटर झालेल्या पोराला विचारलं, हा माणूस ग्राहकाकडे बघून काय विचार करत असेल, तर तो गप्प. मग नववीतली एक म्हणाली, ‘मॅडम, आमी कई गेलो हॉटेलात मेनू पाहून ऑर्डर द्याले? ते काय वाटते आमाले काय माईत.’

बरोबर बोलली. मी विचारलं, मग तुम्ही मोठ्या माणसांना रोज काय बोलताना ऐकता? एका दमात उत्तर आलं: ‘कापूस कितीवर हाये.’

२३ नोव्हेंबर, शनिवार

गोष्ट सापडली. व्यापारी गावात खेडा खरेदीला येतो, घरात कापूस भरून ठेवलाय, बाप बाहेरगावी, घरी आजी आणि नात. व्यापारी म्हणतो कापूस ओला आहे, भाव पाडतो. नात भांडते.

आणि यातून जे व्याकरण बाहेर आलं ते मला पुस्तकातून शिकवायला तीन शनिवार लागले असते. स्पॅनिशमध्ये ‘आहे’ साठी दोन क्रियापदं, सेर आणि एस्तार. एखादी गोष्ट मुळात काय आहे ते सेर, आत्ता कशी आहे, कुठे आहे ते एस्तार, ढोबळमानानं. कापूस पांढरा आहे, ‘एस ब्लांको’, ती त्याची जातच. कापूस ओला आहे, ‘एस्ता उमेदो’, उद्या वाळेल. आणि जो भाव रोज वरखाली होतो तो विचारायचा असेल तर स्पॅनिश माणूस म्हणतो, ‘आ क्वांतो एस्ता एल आल्गोदोन?’ शब्दाला शब्द लावा, कितीवर आहे कापूस. उत्तर, ‘एस्ता आ सिएते मिल’, सात हजारावर आहे. ते ‘आ’ म्हणजे आपलं ‘वर’. फळ्यावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि वर्ग एकदम शांत झाला. एक पोरगा हळूच म्हणाला, ‘मॅडम, हे तं आपल्यासारखंच बोलतेत.’

पोरांना आल्गोदोन या शब्दाचं मूळ पण सांगितलं. अरबीत कापसाला कुत्न म्हणतात, त्याच्याआधी ‘अल’ लागतं, अरब स्पेनमध्ये काही शतकं होते तेव्हा तो शब्द ‘अल’ सकट तिथंच राहिला. इंग्रजीतला कॉटन पण त्याच कुत्नपासून. आपल्या तालुक्यातल्या पिकाचं नाव एवढं फिरून आलंय हे ऐकताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.

जाता जाता व्यापाऱ्याची एन्ट्री बसवत होतो. आठवीतली मुलगी व्यापारी झालीय, ती दारातून आत आली आणि जोरात म्हणाली, ‘ओला!’ नातीचं काम करणारीनं विचार न करता उत्तर दिलं, ‘ओला नाही भाऊ, कोरडा हाये, हात घालून पाय!’ दोन मिनिटं कोणाला बोलताच येईना हसून हसून. स्पॅनिशमध्ये ‘ओला’ म्हणजे नमस्कार, लिहिताना पुढे एक अक्षर असतं पण त्याचा उच्चारच करत नाहीत. जुलैपासून आम्ही रोज हा शब्द म्हणतोय आणि मला एकदाही सुचलं नव्हतं. फिल्मची सुरुवात हीच, आणि नाव पण हेच, ‘ओला’.

२७ नोव्हेंबर, बुधवार

मधल्या सुट्टीत वाचन. संवाद देवनागरीत लिहून दिलेत. याबद्दल माझ्या मनात बरेच दिवस दोन मतं होती पण आता पक्कं झालं, बोलायला शिकताना देवनागरी हवीच. स्पॅनिशचे स्वर पाच, अ ए इ ओ उ, प्रत्येकाचा आवाज ठरलेला, कुठेही गेला तरी बदलत नाही, म्हणजे देवनागरीत लिहिलं की तसंच्या तसं वाचता येतं. दुसरं म्हणजे त आणि द. स्पॅनिशचा त दातांना जीभ लावून आहे, आपल्या ताटातला त. पोरांनी रोमन लिपी बघून वाचलं की ते हमखास ‘टोमाटे’ म्हणतात, देवनागरीत ‘तोमाते’ दिसलं की बरोबर येतं.

र चं मात्र काम करावं लागलं. ‘पेरो’ म्हणजे पण, आणि तोच र जिभेवर थरथरवत लांबवला तर ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. नातीचा संवाद आहे, ‘पेरो एस्ता सेको’, पण कोरडा आहे. ती रागात म्हणायला गेली की र लांबतो आणि ‘कुत्रा कोरडा आहे’ होतं. मग एका पोरानं बैलांना हाकतानाचा ‘हुर्रर्र’ काढून दाखवला आणि म्हणाला, हा कुत्र्याचा, अन् ‘वारा’ मधला तो ‘पण’चा. त्याच्यानंतर कोणाचं चुकलं नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

पहिलं शूट. सकाळी साडेसात, वावरात, गावापासून एक किलोमीटर. दोन फोन, एक वायरचा कॉलर माइक, ट्रायपॉड नाही म्हणून बैलबंडीच्या जूवर फोन दोरीनं बांधला, आणि तो छान स्थिर राहिला.

शिकलेल्या गोष्टी लिहून ठेवते, पुढच्या वेळी कोणी करेल त्याला उपयोगी. फोन आधी फ्लाइट मोडवर टाकायचा, दुसऱ्याच टेकमध्ये एकाच्या मामाचा फोन आला आणि रेकॉर्डिंग थांबलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पांढरी फुललेली असते त्यामुळे फोनला वाटतं उजेड फार आहे, तो सगळं चित्र काळवंडून टाकतो आणि पोरांचे चेहरे दिसतच नाहीत, तर चेहऱ्यावर बोट दाबून धरायचं, एक्स्पोजर तिथं लॉक होतं. दहानंतर शूट करायचं नाही, डोळ्याखाली सावल्या पडतात.

आणि ती रेषेची गोष्ट. दोन माणसं बोलत असताना कॅमेरा त्यांच्या एकाच बाजूला ठेवायचा असतो, नाहीतर पडद्यावर दोघंही एकाच दिशेला बघताहेत असं दिसतं. हे मी तीन वेळा समजावलं, कळेना. शेवटी म्हटलं, दोघांच्या मधून धुरा (शेताचा बांध) गेलाय समजा, कॅमेऱ्यानं धुरा ओलांडायचा नाही. धुरा ओलांडला तर काय होतं हे इथं कोणाला सांगावं लागत नाही. त्याच्यानंतर पोरंच एकमेकांना ओरडत होती, ‘धुरा, धुरा!’

आता मुख्य गोष्ट. आज नातीचा एक संवाद होता, हमीभाव सांगायचा. या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल. स्पॅनिशमध्ये ‘सिएते मिल किनिएन्तोस बेइन्तिउनो’. पाचशेला ते पाच-शंभर म्हणत नाहीत, किनिएन्तोस असा वेगळाच शब्द, आणि एकवीसला आपण एक आधी म्हणतो, ते वीस आधी. चौदा टेक झाले. चौदा! वर्गात मी एखाद्याला एकच वाक्य चौदा वेळा म्हणायला लावलं असतं तर तो पुढच्या शनिवारी आलाच नसता. इथं तीच म्हणत होती, मॅडम अजून एकदा, माझा हात चुकला, मॅडम अजून एकदा, मी खाली पायलं. आणि पाठीमागे माइक धरून उभा असलेला, लाकडं आणणारा, सावली धरणारी, या सगळ्यांनी ते वाक्य चौदा वेळा ऐकलं, दुपारी परत येताना सगळे ते गाण्यासारखं म्हणत होते.

रीटेकमध्ये चुकणं हे कामाचा भाग होऊन जातं. कोणी नापास होत नाही, फक्त परत घेतो. मला वाटतं हे एवढंच कारण पुरेसं आहे भाषेच्या वर्गात फिल्म करायला, बाकी सगळं वरचं.

३ डिसेंबर, मंगळवार

सगळा आवाज वाया गेला. वारा. शूट करताना जाणवला पण नव्हता, कानाला हेडफोन लावून ऐकलं तर नुसता फरफर आवाज, वर कुठेतरी फवारणीच्या पंपाचा. माइकला साधा स्पंजचा तुकडा पण लावला नव्हता मी.

दिवसभर फार वाईट वाटत होतं. पोरांना अजून सांगितलं नाही.

७ डिसेंबर, शनिवार

सांगितलं. एकानं लगेच विचारलं, ‘मग साउथच्या पिक्चरसारखं वरतून आवाज टाकता नाही येत काय?’ येतं की. डबिंग करायचं ठरलं.

शाळेच्या स्टोअररूममध्ये गोधड्या टांगल्या भिंतींना, आवाज घुमू नये म्हणून, एका फोनवर चित्र लावायचं आवाज बंद करून आणि दुसऱ्या फोनवर बोलायचं, ओठ हलले की शब्द सुरू. आणि हे तर शूटिंगपेक्षाही भारी निघालं शिकण्याच्या दृष्टीनं, कारण आता स्वतःचंच बोलणं ओठांवरून ओळखायचं, त्या वेगात म्हणायचं, कुठे श्वास घेतला ते धरायचं, आणि रेकॉर्ड झाल्यावर स्वतःचा आवाज परत ऐकायचा. पहिल्यांदा सगळ्यांनी कान झाकले. मग हळूहळू स्वतःच्या चुका स्वतः पकडायला लागली, मी काही बोलायच्या आधी. एकीनं सांगितलं, ‘मॅडम, माहा एस्ता पयल्या एस्तासारखा नाही झाला.’ तिचं बरोबर होतं. शेवटावर जोर दिला तर एस्ता म्हणजे ‘आहे’, सुरुवातीवर दिला तर तोच शब्द ‘ही’ होतो. हा फरक मी तिला कधीच शिकवला नव्हता, तिनं कानानं काढला.

११ डिसेंबर, बुधवार

छोटी नोंद, पण मला आनंद झालाय म्हणून. आजीच्या सीनमध्ये व्यापारी विचारतो आई कुठाय, नात म्हणते ती वावरात कापूस वेचतेय. ‘एस्ता रेकोखिएन्दो आल्गोदोन.’ पोरांना ते दोन तुकड्यांचं क्रियापद जड जात होतं. मी प्रमाण मराठीत समजावत होते, वेचत आहे, वेचत आहे. मागून आवाज आला, ‘येचून रायली.’

तेच तर! येचून म्हणजे रेकोखिएन्दो, रायली म्हणजे एस्ता. खाऊन रायलो, कोमिएन्दो आणि एस्तोय. फक्त क्रम उलटा. वऱ्हाडीत ही रचना इतकी घट्ट बसलेली आहे की स्पॅनिशवाली त्याच्यावर आपोआप चढते. ज्या बोलीसाठी या पोरांना बाहेर गेल्यावर हसतात तीच बोली इथं त्यांच्या कामी आली. एक फरक लगेच सांगून ठेवला, आपण ‘उद्या यवतमाळले जाऊन रायलो’ म्हणतो, तिकडे उद्यासाठी ही रचना वापरत नाहीत, साधं ‘बोय’, जातो, म्हणायचं.

१४ डिसेंबर, शनिवार

घराच्या आतलं शूट, आणि कापूसच नाही! ज्यांच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरला होता, मागच्या आठवड्यात आम्ही तिथं दोन शॉट पण घेऊन ठेवलेत, त्यांनी मंगळवारी विकून टाकला. बापाला पैशाची नड होती, तो थांबणार थोडाच. खोलीत कोपऱ्यात थोडी कवडी, हलका कापूस, राहिलेली, बस.

पोरं हिरमुसली. मी म्हटलं, गोष्टीत पण तसंच करू. आधीच्या शॉटमध्ये खोली भरलेली, आता रिकामी, व्यापारी परत येतो आणि विचारतो कापूस कुठाय. नात काय म्हणेल? ‘इकला.’ कधी? ‘काल.’ मग ते स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं, कारण भूतकाळ आम्ही शिकलोच नव्हतो. फळा नव्हता, खडूनं भिंतीवर लिहिलं, घरवाल्या काकूंना विचारून. ‘लो बेंदी आयेर.’ काल विकला तो. मी भूतकाळ मार्चमध्ये घेणार होते. तो आज आला कारण कापूस गेला, आणि आता कोणी तो विसरणार नाही.

मग व्यापाऱ्यानं विचारायचं पैसे मिळाले का, त्यासाठी ‘पागार’ हे क्रियापद लागलं, पैसे देणे. सगळे एका सुरात, पगार! हो, तोच. मराठीतला पगार पोर्तुगीजांकडून आलाय, आणि पोर्तुगीज-स्पॅनिश बहिणी-बहिणी, म्हणून शब्द तोच.

याच दिवशी आजीचा सीन झाला. खरी आजी, ज्या घरात शूट होतं तिथली. तिला संवाद द्यायचा नव्हता, नुसती सरकी काढत बसलेली दाखवायची होती. पण दीड तास आमचं चाललेलं बघून तीच म्हणाली, मलेही शिकवा एखादं. नातीनं विचारलं, आजी तुले काय म्हणावंसं वाटते? आजी म्हणाली, ‘काय म्हणू, हात दुखतेत माहे.’

‘मे दुएलेन लास मानोस.’ इथं स्पॅनिश ‘माझे’ म्हणत नाही, ‘मला हात दुखतात’ अशी रचना आहे, आणि हात अनेक म्हणून क्रियापदही अनेकवचनी. आजीला एवढं काही सांगितलं नाही. नातीनं तिच्याजवळ बसून तुकडे तुकडे करून म्हणून दाखवलं, मे, दुएलेन, लास मानोस, आणि आजीनं तिसऱ्याच खेपेला म्हटलं, बोटं पुढे करून. बोंडाच्या टोकांनी चिरलेली बोटं, नखांजवळ काळं झालेलं. कॅमेरा धरलेल्या पोरानं कोणी न सांगता फोन हातांकडे नेला. तो शॉट एकच टेक आहे, आणि त्यात उच्चार पूर्ण बरोबर नाही, आणि तो बदलायचा नाही हे सगळ्यांचं एकमत.

२१ डिसेंबर, शनिवार

आज माझी एक चूक. डबिंगच्या वेळी व्यापारी झालेल्या मुलीला मी प्रत्येक शब्दाला थांबवत होते. लिंग चुकलं, जोर चुकला, ‘एल’ राहिला. अर्ध्या तासात तिचा आवाज इतका बारीक झाला की माइकमध्ये यायचा बंद झाला, मग म्हणाली मला पाणी प्यायचंय आणि परत आलीच नाही.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. ती अंगणात लहान भावाला तेच संवाद म्हणून दाखवत होती, मोठ्यानं, हातवारे करून. मी फाटकातच थांबले थोडा वेळ. मग तिला सांगितलं की आजचं माझं चुकलं. नवीन नियम लिहून ठेवतेय: टेक चालू असताना एक शब्द बोलायचा नाही. टेक संपल्यावर एकच गोष्ट सांगायची, एकच, आणि तीही अर्थ बदलत असेल तर. बाकीचं ती स्वतः ऐकून काढते, मागच्या दोन आठवड्यांत मी ते पाहिलंय.

मला आणखी एक लक्षात येतंय. इंग्रजीच्या तासाला हीच पोरं तोंड उघडत नाहीत कारण गावात इंग्रजी कोणाला तरी जास्त येतं, कोणाचा तरी भाऊ नागपूरला इंग्लिश मीडियमला आहे, तो हसेल. स्पॅनिश गावात कोणालाच येत नाही. सगळे एकाच धुऱ्यावर उभे. म्हणून इथं हसणारा एकच माणूस असू शकतो, शिकवणारा, आणि तो मी होता कामा नये, हसून नाही आणि टोकूनही नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

एडिटिंग. काइनमास्टर ॲपवर, एका फोनमध्ये जागा संपली म्हणून दुसऱ्यावर परत पहिल्यापासून. खूप वेळ गेला, लिहिण्यासारखं फार नाही.

सबटायटल मात्र पोरांनी स्वतः टाइप केली, दोन ओळी, वर स्पॅनिश तिच्या लिपीत, खाली वऱ्हाडी. खाली मराठी टाकू या असं मीच म्हटलं होतं, पण त्यांनी वऱ्हाडीच लिहिली आणि वाचून बघितल्यावर मलाही तीच बरोबर वाटली. वरच्या ओळीत मात्र देवनागरीची सवय नडली. न उच्चारलेलं अक्षर राहून जायचं, ब आणि व चा घोळ व्हायचा, कारण स्पॅनिशमध्ये दोन्हींचा आवाज एकच आहे. तर बोलायला देवनागरी, लिहायला त्यांची लिपी, आणि दोन्हीच्या मध्ये एक पूल लागतो, तो पूल सबटायटलनं बांधला असं म्हणायला हरकत नाही.

प्रश्नचिन्हाची गंमत पोरांना फार आवडली. स्पॅनिशमध्ये प्रश्न सुरू व्हायच्या आधीच एक उलटं प्रश्नचिन्ह येतं, शेवटी सुलटं. त्यांच्या भाषा अकादमीनं १७५४ मध्ये तो नियम काढला. का, तर लांब वाक्य वाचताना शेवटी जाईपर्यंत कळत नाही की हा प्रश्न आहे. आपल्याकडे ‘का’ पण शेवटीच येतं ना, मी विचारलं, मग आपल्याला लागेल का ते चिन्ह? यावर वीस मिनिटं वाद झाला आणि एडिटिंग थांबलं, पण मला तो वाद थांबवावासा वाटला नाही.

४ जानेवारी २०२५, शनिवार

माझ्या ऑनलाइन वर्गाच्या शिक्षिका कोलंबियाच्या आहेत, त्यांना फिल्म पाठवली होती. आज व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळचे आठ म्हणजे इकडे संध्याकाळचे साडेसहा, पोरं शाळेतून घरी जाऊन, हातपाय धुऊन, चांगले कपडे घालून परत आली.

त्यांनी कौतुक केलं ते ठीक, पण मला आवडलं ते हे की त्यांनी प्रश्न विचारले. व्यापारी आत येतो तेव्हा ती मुलगी एवढी का भडकते, त्यानं तर फक्त नमस्कार केला? हा प्रश्न आला आणि अकरा पोरं एकदम बोलायला लागली. आमच्या भाषेत, एन नुएस्त्रा लेंग्वा, ओला म्हणजे, म्हणजे उमेदो, मोखादो, आग्वा! कोणाचं क्रियापद बसलं नाही, कोणी हातानं पिळून दाखवलं. त्यांना कळलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. त्यानंतर त्यांनी विचारलं की ओला असला तर काय बिघडतं, आणि नववीतल्या एकानं, जो इंग्रजीच्या तासाला हजेरीशिवाय काही बोलत नाही, त्यानं सांगितलं, सीसीआयच्या, म्हणजे कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ‘ओचो पोर सिएन्तो, ब्येन. दोसे, मेनोस दिनेरो. मास दे दोसे, नो.’ आठ टक्के ओलावा चालतो, बारापर्यंत पैसे कापतात, बाराच्या वर घेतच नाहीत. स्क्रिप्टमध्ये हे कुठेच नव्हतं. १६ नोव्हेंबरला ‘ब्येन, ग्रासियास, इ तू’ म्हणणारा तोच पोरगा.

शिक्षिकांनी एक गोष्ट सुचवली. आम्ही नातीला आजीशी ‘तू’ नं बोलायला लावलंय, त्या म्हणाल्या त्यांच्या भागात घरातल्या माणसांनाही ‘उस्तेद’ म्हणतात, म्हणजे तुम्ही. पोरांनी विचार केला आणि एकीनं उत्तर दिलं, ‘एन मि कासा, तू.’ माझ्या घरी, तू. बदल केला नाही.

१८ जानेवारी, शनिवार

देवळासमोरच्या ओट्यावर पांढरी चादर बांधून फिल्म दाखवली. प्रोजेक्टर शाळेचा, लाइट आठ वाजता आली म्हणून तासभर उशीर. ऐंशी-नव्वद माणसं असतील, बाया वेचणीवरून दमून आल्या होत्या तरी थांबल्या.

व्यापारी दारात आला, म्हणाला ‘ओला!’, आणि नातीच्या उत्तराच्या आधीच मागून एक म्हातारे आबाजी ओरडले, ‘ओला नाही बे, कोरडा हाये!’ पडद्यावर पण तेच. सगळं गाव हसलं. सबटायटल वाचता न येणाऱ्यांना पोरं बाजूला बसून सांगत होती. आजीच्या हातांचा शॉट आला तेव्हा आजी स्वतः पहिल्या रांगेत होती, ती काही बोलली नाही, फक्त पदर सारखा केला. शेजारच्या बाईनं तिला विचारलं, ‘काय म्हणली वो तू?’ आजीनं परत म्हणून दाखवलं. मे दुएलेन लास मानोस. या वेळी तर आणखी बरोबर.

घरी येताना दोन लहान पोरं रस्त्यात ‘आ क्वांतो एस्ता’ ओरडत पळत होती, ती आमच्या वर्गातली नाहीत, पाचवीतली असतील.

२५ जानेवारी, शनिवार

वेचणीला गेलेले चौघं परत आले, आता पंधरा जण. पुढची फिल्म संत्र्यावर करायची म्हणतात, वरुडला एकाच्या मावशीची बाग आहे. नारान्खा म्हणजे संत्रं, हा शब्द फारसी-अरबीतून तिकडे गेला आणि त्याच्या मागे आपला नारंग आहे, हे सांगितल्यावर त्यांनी लगेच पहिला सीन ठरवला, संत्रं बोलतं आणि सांगतं की मी कुठून कुठे गेलो. संत्रं नपुंसकलिंगी, नारान्खा स्त्रीलिंगी, मग तिकडे ‘गेली’ का, असं एकीनं विचारलं. मी म्हटलं स्पॅनिशच्या क्रियापदात गेलो-गेली-गेलं असा फरकच नाही, तिघांनाही ‘फुइ’. ती म्हणाली, मग संत्र्याचा आवाज मी पण देऊ शकते अन् तो पण. दोघांची ऑडिशन पुढच्या शनिवारी.

स्पंज आणायचा माइकला. दोन आणायचे.